स्टीअरिंगला हिसका देतं कोण?

या महिन्यात गेमिंग स्टीअरिंगची पत्रं इतकी आली, की प्रिंटर आणि वायफायवाल्यांना पुढच्या अंकापर्यंत थांबवून ठेवलं आहे. मी दिवसा मोटर कंट्रोलरचं फर्मवेअर लिहिते, त्यामुळे हा विषय निघाला की मला आवरणं कठीण जातं. संपादकांनी पानं वाढवून दिली आहेत, तक्रार त्यांच्याकडे करा.

प्रश्न : ताई, मी सेकंडहँड लॉजिटेक जी२९ घेतलं. वीज लावली की चाक आपणहून पूर्ण डावीकडे, मग उजवीकडे फिरतं. गेममध्ये वळणावर हात ओढतं. सेटिंगमध्ये कॉन्स्टंट, स्प्रिंग, डँपर, साइन अशी नावं दिसतात. हे इफेक्ट ड्रायव्हर बनवतो की गेम? आणि मोटरपर्यंत नेमकं काय पोहोचतं?
— एक वाचक, इचलकरंजी

सुरुवातीचं फिरणं आधी निकालात काढू. जी२९ या टोकापासून त्या टोकापर्यंत ९०० अंश, म्हणजे अडीच फेरे फिरतं. वीज आल्यावर आपण कुठे उभे आहोत हे चाकाला ठाऊक नसतं, म्हणून ते दोन्ही टोकं गाठून मध्य काढतं. तेवढा वेळ चाक धरून ठेवू नका. मध्य चुकला तर सरळ रस्त्यावरही गाडी एका अंगाला जात राहील.

आता मुख्य प्रश्न. किती जोर द्यायचा हे गेम ठरवतो. ड्रायव्हर ते चाकाला कळेल अशा शब्दांत सांगतो. प्रत्यक्ष जोर चाकातला मायक्रोकंट्रोलर मोटरकडून काढून घेतो. जी२९ मध्ये दोन मोटर आहेत आणि त्या तिरप्या दात्यांच्या गिअरमधून चाक फिरवतात.

गेम कशावरून ठरवतो, तिथे खरी मजा आहे. खऱ्या गाडीत वळण संपताना स्टीअरिंग सरळ यायला बघतं, ते काही आत स्प्रिंग बसवली आहे म्हणून नाही. पुढचं चाक ज्या अक्षावर वळतं तो अक्ष वरून मागे कललेला असतो, त्याला कॅस्टर म्हणतात. त्यामुळे अक्षाची रेघ जमिनीला टेकते ती जागा टायर टेकतो त्या जागेच्या जरा पुढे पडते आणि टायर तिच्यामागे फरफटत येतो. हे झालं एक कारण. दुसरं टायरच्या रबरातच आहे. वळताना टायरचं तोंड एकीकडे असतं आणि तो जातो थोडा दुसरीकडे. या फरकाला स्लिप अँगल म्हणतात. रस्त्याला चिकटलेला रबराचा पट्टा पुढून आत येतो तेव्हा सरळ असतो, मागच्या टोकाला जाईपर्यंत बाजूला ताणला गेलेला असतो. म्हणून बाजूचा जोर पट्ट्याच्या बरोबर मध्यावर न पडता थोडा मागे पडतो आणि चाकाला सरळ करू बघतो. इंजिनिअर याला सेल्फ-अलाइनिंग टॉर्क म्हणतात; टॉर्क म्हणजे फिरवणारा जोर.

आता स्लिप अँगल वाढवत नेऊ. बाजूची पकड वाढत जाते, पण पट्ट्याचा मागचा भाग आधी घसरायला लागतो आणि जोराची जागा पुन्हा मध्याकडे सरकते. म्हणजे सरळ करणारा टॉर्क पकडीच्या आधी कळस गाठतो आणि उतरायला लागतो. टायरमध्ये पकड अजून शिल्लक असतानाच स्टीअरिंग हाताला हलकं लागतं. मुरलेला चालक नेमकं तेवढंच पकडतो आणि चाक आणखी न वळवता वेग कमी करतो. फोर्स फीडबॅकमध्ये, म्हणजे चाकाने हाताला जोर देण्यात, माझ्या मते मोलाची गोष्ट ही एकच. बाकीचा सगळा खडखडाट आहे.

असेटो कोर्सा हा रेसिंग गेम हे गणित सेकंदाला ३३३ वेळा करतो, आयरेसिंग हा दुसरा गेम ३६० वेळा. दोन्ही पुढची चाकं, सस्पेन्शन, टाय-रॉड यांचा हिशेब होऊन शेवटी एकच आकडा उरतो : स्टीअरिंगच्या दांड्यावर किती टॉर्क आणि कुठल्या अंगाला. विंडोजवर तो डायरेक्टइनपुटकडे, म्हणजे गेम आणि चाक यांच्यामधल्या विंडोजच्या दुव्याकडे, द्यायचा असतो आणि तिथली मोजपट्टी उणे १०,००० ते अधिक १०,००० अशी बांधलेली आहे. गेम सुरुवातीलाच कॉन्स्टंट फोर्सचा एक इफेक्ट चाकावर चढवतो, त्याची मुदत अनंत ठेवतो आणि मग गाडी चालेपर्यंत त्याच इफेक्टचा जोर बदलत राहतो. सस्पेन्शनचा धक्का, ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावरची, म्हणजे कर्बवरची उडी, पंक्चर झालेला टायर, सगळं त्या एका आकड्यातून येतं.

पुढचं काम ड्रायव्हरचं. विंडोजचा ड्रायव्हर उघडून बघता येत नाही, पण लिनक्सच्या गाभ्यातला, म्हणजे कर्नलमधला, लॉजिटेकचा ड्रायव्हर कोणीही वाचू शकतो, म्हणून तिथलं सांगते. जी२९ ला जाणारा निरोप सात बाइटचा असतो. कॉन्स्टंट फोर्ससाठी पहिला बाइट हेक्समध्ये (सोळाच्या पटीत आकडे लिहायची पद्धत) ११, म्हणजे पहिल्या खणात चढव आणि चालू कर. दुसरा ०८, म्हणजे जातीने कॉन्स्टंट. तिसरा बाइट म्हणजे जोर. हेक्समधले ८०, म्हणजे आपले १२८, असतील तर जोर शून्य. त्याच्या खाली एका बाजूला, वर दुसऱ्या बाजूला. फिरण्याची मर्यादा बदलायची तर एफ८ ८१ ८४ ०३ आणि मागे तीन शून्यं. ०३८४ हेक्स म्हणजे ९००, फक्त धाकटा बाइट आधी लिहिलेला.

तिसऱ्या बाइटवर जरा थांबा. गेमने वीस हजार पायऱ्यांत मोजलेला जोर इथे २५६ पायऱ्यांत बसवला जातो, एका अंगाला जेमतेम सव्वाशे. चाकाचा कमाल टॉर्कच साधारण २ न्यूटन-मीटर. त्यात पहिल्या काही पायऱ्या गिअरचं घर्षण गिळून टाकतं. तुम्हाला मध्याजवळ चाक मेल्यासारखं वाटत असेल, ते यामुळे. काही गेममध्ये ‘मिनिमम फोर्स’ नावाचं सेटिंग असतं ते यावरच उपाय म्हणून : शून्य सोडून कुठलाही जोर आला की आधी घर्षणापुरती भर घालायची आणि मग वरचा जोर मोजायचा. ते थोडं वाढवा, चाक स्वतःशीच चुळबुळ करायला लागलं की एक पायरी मागे या.

तुमच्या यादीतलं स्प्रिंग, डँपर वेगळ्या कुळातलं. यांना कंडिशन इफेक्ट म्हणतात. इथे गेम जोर सांगतच नाही, नियम सांगतो. स्प्रिंगचा नियम : चाक मध्यापासून जितकं लांब, तितकं परत ओढ. डँपरचा : जितक्या वेगाने फिरवाल तितका विरोध कर, थांबलात की सोड. घट्ट होत आलेल्या पिठल्यात डाव फिरवताना हाताला जे लागतं, ते डँपर. फ्रिक्शन वेग बघत नाही, हललं की ठरलेला विरोध करतं. इनर्शिया वेगातला बदल अडवतं. प्रत्येक नियमाला डावी-उजवीचा वेगळा गुणक, वरची मर्यादा, आणि मध्याजवळ काहीच करायचं नाही असा छोटा पट्टा ठरवून देता येतो.

नियम चाकाकडे सोपवायचं कारण वेळ. चाकाला आपली जागा तत्क्षणी कळते. गेमला ती यूएसबीतून कळणार, तो हिशेब करणार, उत्तर पुन्हा यूएसबीतून येणार. १९९७ साली, म्हणजे विंडोजच्या गेमसाठीच्या डायरेक्टएक्स ५ या संचात फोर्स फीडबॅक आलं तेव्हा तर यूएसबीसुद्धा रुळलेलं नव्हतं. मायक्रोसॉफ्टच्या त्या वर्षीच्या साइडवाइंडर फोर्स फीडबॅक प्रो जॉयस्टिकला साउंडकार्डाच्या गेमपोर्टमधल्या मिडीच्या तारांवरून इफेक्ट पाठवत. सिंथेसायझरला सूर पाठवायची तार आणि तिच्यावरून विमानाचे हादरे! मला हा जुगाड फार आवडतो. एवढ्या अरुंद बोळातून सेकंदाला शेकडो आकडे पाठवण्यापेक्षा नियम एकदा सांगून मोकळं होणं शहाणपणाचं होतं. १९९९ मध्ये यूएसबीचं याबाबतचं मानक आलं, पीआयडी नावाचं, त्यातही हीच मांडणी राहिली. जी२९ मात्र ते मानक पाळत नाही, वर सांगितलेली स्वतःची सात बाइटची बोली बोलतं.

साइन, स्क्वेअर, ट्रँगल ही तिसरी जात, ठरावीक काळाने हेलकावणारी. ट्रकच्या गेममध्ये इंजिन चालू असतानाची थरथर घ्या. समजा सहा सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांवर निवांत चाललंय. सेकंदाला दहा फेऱ्या, प्रत्येक फेरीत तीन स्फोट, म्हणजे ३० हर्ट्झ. डायरेक्टइनपुट काळ मायक्रोसेकंदात मागतं, तेव्हा गेमने ३३,३३३ हा आकडा आणि थोडासा जोर देऊन साइन लावला की झालं. वर एन्व्हलप नावाचा प्रकार असतो : सुरुवातीला किती वेळात जोर चढवायचा, शेवटी किती वेळात उतरवायचा.

तुम्ही काय करावं? रेसिंग गेम असेल तर स्प्रिंग शून्य, डँपर शून्य, साइन चवीपुरता. बाहेरून स्प्रिंग लावली की टायरचा टॉर्क उतरत असताना स्प्रिंगचा जोर चढत असतो आणि मघाशी म्हटलं ते हलकं पडणं हाताला कळतच नाही. लॉजिटेकच्या जी हब या सेटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये फोर्स फीडबॅक नसलेल्या गेमसाठी सेंटरिंग स्प्रिंग असते, तीही फक्त तशाच गेमपुरती ठेवा.

प्रश्न : मी गेममध्येही जोर १५० टक्के ठेवलाय आणि ड्रायव्हरमध्येही १००. पैसे दिलेत तर पूर्ण ताकद का वापरू नये? मित्र म्हणतो क्लिपिंग होतं. म्हणजे नेमकं काय बिघडतं?
— एक वाचक, नागपूर

चाकाचं काही बिघडत नाही. बिघडते ती माहिती.

वळणात सरासरी जोर ७,००० आहे असं धरा. १५० टक्क्यांनी तो होतो १०,५००. मोजपट्टी १०,००० ला संपते, वरचे ५०० कापले. आता गाडीचं चाक कर्बवर चढलं, मूळ जोर गेला ९,०००, दीडपट म्हणजे १३,५००. तोही कापून १०,०००. पुढे टायर सुटायला लागला, मूळ जोर ६,८०० वर उतरला, दीडपट १०,२००. पुन्हा १०,०००. तीन वेगळ्या गोष्टी घडल्या आणि तुमच्या हाताला तिन्ही सारख्याच लागल्या. ताकद भरपूर, पण सांगत काहीच नाही.

आणखी एक गोष्ट मित्राने सांगितली नसेल. ही कापाकापी बहुतेक वेळा गेममध्येच होते, आकडा ड्रायव्हरकडे जायच्या आधी. त्यामुळे ड्रायव्हरचा स्लायडर ६० वर आणलात तरी कापलेलं परत येत नाही. फक्त १०,००० चा सपाट माथा ६,००० चा सपाट माथा होतो. म्हणून नेम असा ठेवा : ड्रायव्हरमध्ये १००, कमी करायचं ते गेममध्ये. असेटो कोर्सामध्ये पेडल दाखवणारं छोटं ॲप उघडा, त्यातला फोर्स फीडबॅकचा दांडा क्लिपिंग झालं की लाल होतो. सर्वांत वेगवान, लांब वळणावर तो हिरमुसून राखाडी राहील इतपत जोर उतरवा. कर्बवर क्षणभर लाल झाला तर चालवून घ्या, नाहीतर बाकी सगळीकडे चाक पाणचट लागेल. आयरेसिंगमध्ये दोन-चार लॅप मारून ‘ऑटो’ दाबलं की तो स्वतःच ही बेरीज-वजाबाकी करतो.

छोट्या चाकावर हे जास्त पाळावं लागतं. पॉवर स्टीअरिंग नसलेल्या रेसिंग गाडीत दांड्यावर जो टॉर्क येतो त्याच्या तुलनेत २ न्यूटन-मीटर म्हणजे काहीच नाही. तिथे सगळंच लहान करून दाखवावं लागतं. तेव्हा प्रमाण जपायचं की दणका, हे आपणच ठरवायचं. मी प्रमाण जपते.

प्रश्न : सरळ रस्त्यावर हात सोडले की चाक डावं-उजवं, डावं-उजवं झुलायला लागतं आणि झुला वाढतच जातो. नवीन चाक आहे. खराब आलं का?
— एक वाचक, डोंबिवली

खराब नाही. उशिराचा खेळ आहे.

चाक मध्याच्या दोन अंश उजवीकडे असताना त्याची जागा मोजली गेली. ती गेमपर्यंत गेली, टायरचं गणित झालं, ‘डावीकडे ढकल’ असा निरोप परत आला, मोटरमध्ये करंट चढला. यात काही मिलिसेकंद गेले. तेवढ्यात चाक मध्य ओलांडून डावीकडे पोहोचलेलं असतं आणि त्याच दिशेने त्याला आणखी ढकललं जातं. दर झोक्याला थोडी ऊर्जा भरत जाते. झोपाळ्याला चुकीच्या वेळी हात लावला तर तो थांबतो, बरोबर वेळी लावला तर वाढतो. इथे उशीर नेमका वाढणाऱ्या वेळेला जाऊन बसतो.

खऱ्या गाडीत हे होत नाही, कारण रॅकचं घर्षण आणि पॉवर स्टीअरिंग ती ऊर्जा पिऊन टाकतात. गेमिंग चाकावर ते काम तुमच्या हातांचं. हलके हात ठेवलेत तरी झुला मरतो. डायरेक्ट ड्राइव्ह चाकात, म्हणजे गिअर-पट्टा काही नसून मोटरच्या दांड्यावरच चाक बसवलेलं असतं तिथे, हा त्रास अधिक. झोका अडवायला गिअरचं घर्षणच नसतं ना.

उपाय म्हणून गेममधला जोर आधी थोडा उतरवा. तरी राहिलं तर डँपर वाढवा, पण गेममधला नाही, चाकाच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमधला. तो चाकाच्या आत चालतो, त्याला उशीर जवळपास नसतो. पहिल्या उत्तरात मी डँपर शून्य म्हटलं ते गिअरच्या जी२९ साठी. तुमच्याकडे डायरेक्ट ड्राइव्ह असेल तर दहा-पंधरा टक्के खुशाल ठेवा.

प्रश्न : पेडल चालतात, चाक वळवलं की गाडी वळते, पण जोर अजिबात नाही. विंडोज नव्याने टाकल्यापासून हे सुरू झालं.
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

जागा सांगण्याचा रस्ता आणि जोर देण्याचा रस्ता वेगळे आहेत. पहिला विंडोजच्या साध्या ड्रायव्हरवर चालतो, म्हणून पेडल चालतात. दुसऱ्यासाठी कंपनीच्या सॉफ्टवेअरने रजिस्ट्रीत त्या चाकाच्या नावाखाली ‘ओईएमफोर्सफीडबॅक’ अशी नोंद करावी लागते. जोराचा निरोप कोणत्या फाइलने हाताळायचा आणि कोणकोणते इफेक्ट चालतात, हे तिथे लिहिलेलं असतं. नोंद नसेल तर डायरेक्टइनपुट गेमला सरळ सांगतं, या यंत्राला फोर्स फीडबॅक नाही. तेव्हा कंपनीचं सॉफ्टवेअर टाका, चाक जोडलेलं असताना टाका, मग एकदा रीस्टार्ट.

त्याआधी मात्र टेबलाखाली वाकून ॲडॅप्टरची पिन बघा. यूएसबीवर चाकाची जागा कळते, मोटर ॲडॅप्टरवर चालते. आणि गेम स्टीमवरचा असेल तर त्या गेमपुरतं स्टीम इनपुट बंद करा. ते चाकाला गेमपॅड म्हणून पुढे करू शकतं आणि त्या वाटेने फक्त थरथर जाते.

प्रश्न : मॅडम, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. लिनक्सवर सी मध्ये चाकाला स्वतः जोर द्यायचा प्रोग्राम लिहिला. इफेक्ट अपलोड होतो, आयडी मिळतो, प्लेही एरर देत नाही. चाक हलत मात्र नाही.
— एक विद्यार्थी, सांगली

तुझा कोड मी पाहिलेला नाही, पण ‘एरर नाही आणि हालचालही नाही’ म्हटल्यावर माझं बोट दिशेच्या रकान्यावर जातं. इफेक्टचं स्ट्रक्चर शून्याने भरून तू फक्त प्रकार, लेव्हल आणि वेळ भरला असशील. दिशा शून्यच राहिली. लिनक्समध्ये दिशा सोळा बिटांत पूर्ण वर्तुळ धरून मोजतात : शून्य म्हणजे खाली, हेक्स ४००० म्हणजे डावीकडे, ८००० वर, सी००० उजवीकडे. जॉयस्टिकसाठी हे ठीक, चाकाला मात्र वर-खाली नसतंच. लॉजिटेकच्या ड्रायव्हरखाली जो सामाईक कोड चालतो तो लेव्हलला दिशेच्या साइनने गुणून आडवा भाग काढतो. शून्याचा साइन शून्य. कर्नलने तुझं इमानाने ऐकलं आणि शून्य जोर दिला. दिशा हेक्स ४००० कर.

तरी हललं नाही, तर प्रोग्राम प्ले लिहून लगेच संपतोय का बघ. डिव्हाइसची फाइल बंद झाली की त्या फाइलवरून चढवलेले सगळे इफेक्ट कर्नल पुसून टाकतं. शेवटी दोन सेकंदांचा स्लीप घाल. फाइल वाचण्या-लिहिण्यासाठी उघडली आहेस हेही तपास, आणि गेन, म्हणजे एकूण जोराचा गुणक, आधी कोणी शून्यावर नेऊन ठेवलेला नाही ना तेही.

जोर सतत बदलायचा असेल तेव्हा दर वेळी नवा इफेक्ट बनवू नकोस. पहिल्यांदा आयडी उणे एक देऊन अपलोड कर, कर्नल तुला आयडी देईल, पुढे तोच आयडी ठेवून नुसती लेव्हल बदलून पुन्हा अपलोड करत राहा. चालू इफेक्ट तिथल्या तिथे बदलतो. खण भरले, नवा इफेक्ट घेत नाही, अशी रड मग होत नाही.

आणि स्प्रिंग-डँपर करून बघायचं असेल तर लक्षात घे, कर्नलमधला जी२९ चा ड्रायव्हर कॉन्स्टंट आणि ऑटोसेंटर एवढंच देतो. बाकीच्या इफेक्टसाठी न्यू-एलजी४एफएफ नावाचा वेगळा ड्रायव्हर बाहेरून बांधून घ्यावा लागतो. किंवा तू स्वतःच चाकाची जागा वाचून कॉन्स्टंटमधून स्प्रिंग बनव. गुणक वाढवत गेलास की डोंबिवलीच्या वाचकांचा झुला तुझ्याही टेबलावर सुरू होईल. तो मुद्दाम बघ. कंट्रोल सिस्टिमच्या पेपरात फेज लॅगवर जे लिहितोस ते हाताला कसं लागतं, हे कळेल.

प्रश्न : मुलाला वाढदिवसाला स्टीअरिंग हवंय. दुकानात ‘व्हायब्रेशन फीडबॅक’ लिहिलेलं खूप स्वस्त मिळतंय. तेच ना हे?
— एक पालक, म्हापसा

नाही. त्यात मोटरच्या दांड्यावर एका बाजूला जड लोखंडी तुकडा बसवलेला असतो. मोटर फिरली की सगळं थरथरतं. चाक डावीकडे ओढून धरणं त्याला जमत नाही. मध्यावर आणायला आत रबर किंवा साधी स्प्रिंग असते.

खोक्यावर काय लिहिलंय ते सोडा, आत भिंतीला लावायचा वेगळा ॲडॅप्टर आहे का विचारा. साध्या यूएसबी २ पोर्टमधून ५ व्होल्ट, ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अडीच वॉट मिळतात. त्यावर हात ओढणारी मोटर चालत नाही. मुलगा दहाच्या आतला असेल तर थरथरणारंही त्याला पुरेल आणि टेबलही वाचेल.

प्रश्न : ८ न्यूटन-मीटरचं डायरेक्ट ड्राइव्ह घ्यायचा विचार आहे. घरात लहान मुलं आहेत. धोका आहे का?
— एक वाचक, पुणे

३० सेंटीमीटर व्यासाच्या चाकाच्या कडेवर ८ न्यूटन-मीटर म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास ओढ. जी२९ ची दीड किलोच्या आत-बाहेर. साडेपाच किलो मोठ्या माणसाला काही नाही, पण ते कसलीही सूचना न देता येतात. गाडी भिंतीवर आदळली की चाक झटक्यात फिरतं आणि आरीत अडकवलेला अंगठा मुरगळतो. अंगठे कडेवर ठेवायची सवय लावा, आत नको. गेम क्रॅश झाला तर काही चाकं शेवटचा जोर धरून बसतात, म्हणून वीज तोडायचं बटण हाताच्या अंतरावर हवं. तसं बटण चाकासोबत येत नसेल तर स्विचचा एक्स्टेंशन बोर्ड टेबलाच्या कडेला स्क्रूने बसवा. मुलं खेळणार असतील तर वेगळं प्रोफाइल करून त्यात चाकाच्या सॉफ्टवेअरमधूनच कमाल टॉर्क २ वर आणून ठेवा, गेममधून नको. गेम बदलला की गेममधलं सेटिंगही बदलतं. आणि प्लायवूडच्या अभ्यासाच्या टेबलावर हे चाक लावू नका, क्लॅंप फळी उचकटतो.